डावीकडचं शिसं

आठ वर्षं ही गाडी फक्त डावीकडं वळली.
तिकडं तमिळनाडूत, कुठल्यातरी मातीच्या रिंगणात.
मग रिटायर झाली,
आणि भंगाराच्या भावावर दोन हजार चढवून
आम्ही तिघांनी घेतली: मी, पायगोंडा, कॅम्पातला मेल्विन.
ट्रकमधून आली, नारळाच्या पोत्यांना टेकून.
दारावर सत्तावीस आकडा. काचा नाहीत.
दारं वेल्ड केलेली, म्हणून खिडकीतून आत शिरायचं,
आधी पाय, मग पोट, मग अब्रू.

उद्यमबागेत शेडपुढच्या उतारावर सोडली
तर निघाली आपली डावीकडं, शिस्तीत,
थेट शेजारच्या फौंड्रीच्या काळ्या वाळूत.
पायगोंडा म्हणाला,
"हिला बलक्क ठाऊकच न्हाई गा."

खोलून बघितली.
उजवी टायरं डाव्यांपेक्षा बोटभर मोठी,
उजव्या स्प्रिंगा ताठ,
आणि डाव्या बाजूला, पत्र्याखाली,
चार बोल्टांनी आवळलेली शिशाची वीट.
उजवीकडं बसणाऱ्याचं वजन फेडायला
कुणीतरी तोलून ठेवलेली.
काट्यावर घातली. छत्तीस किलो.
बारीक असणार तो पोरगा.
जुन्या सदऱ्यावरून शिंप्याला कळतं, तसं कळलं.

एकतीस वर्षं मी लेथवर उभा आहे.
तीही एकाच अंगानं फिरते.
तिला कधी मी नावं ठेवली नाहीत.

पाच महिने लागले, सेकंड शिफ्ट सुटल्यावर.
उरलेल्या बारचे तुकडे घेऊन वॉशर काढले,
डावं-उजवं सारखं करत आणलं.
मेल्विनच्या आईनं सीटला रेग्झिनची उशी शिवून दिली
आणि वर चिमूटभर मीठ ओवाळलं, कुणी बघत नाहीसं बघून.

ट्रॅक म्हणजे काकतीच्या पुढचा तो ले-आऊट.
रस्ते आहेत, गटारी आहेत, तारा नसलेले खांब आहेत,
घरं नाहीत. बारा वर्षं कोर्टाचा स्टे.
कमानीवर नाव दोन लिप्यांत,
उन्हानं दोन्ही सारखीच पुसलीत.
रविवारी सहा ते नऊ, शेरडं यायच्या आत,
सहा-सात गाड्या. खानापूरच्या डॉक्टरची आठशे,
एक जीप, जिला वळण म्हणजे फक्त सूचना वाटते.
वॉचमन सिद्धलिंगाप्पा लाल टॉवेल हलवतो
आणि चहाचे पैसे आगाऊ घेतो.

वळणांना प्लॉटांचे नंबर.
अकरा सोपं. सव्वीस फसवं, तिथं खडी असते.
आणि एक्केचाळीस, उजवं, काटकोनात.

एक्केचाळीस माझा.
प्रॉव्हिडंट फंड तिथं गाडलाय.
अनुसयानं वहीच्या मधल्या जोडपानावर घर काढलं होतं,
ओटा पूर्वेला, तुळस दारात, पोरीची खोली मागं.
पोरगी आता हुबळीला नांदते.
नंबरचा दगड कुणीतरी उचलून नेला,
म्हणून त्या कोपऱ्यावर मी ती शिशाची वीट ठेवतो.
सोमवार ते शनिवार ती सिद्धलिंगाप्पाच्या खाटेखाली असते,
भंगारवाल्यांच्या भीतीनं.

पहिल्या रविवारी गाडी तिथं नुसती थबकली.
पूर्ण स्टेअरिंग कापलं तरी नाक सरळ,
म्हातारं बैल अनोळखी बांधावर थांबतं तसं.
दुसऱ्या रविवारी गटारीत.
तिसऱ्यांदा पायगोंडा खांबाजवळून ओरडला,
"बलक्क! बलक्क!"
आणि ती वळली.
मागचा भाग जरा घसरला, मग आला.
ओट्यापाशी ब्रेक, पोरीच्या खोलीतून गॅस सोडलेला,
तुळशीजवळ परत दाबायचा.

आजही सरळ रस्त्यावर हात ढिले सोडले
की केसभर डावीकडं ओढते.
तेवढं मी राहू दिलंय.

गेल्या खेपेला अनुसया आली, पहिल्यांदाच.
छत्री घेऊन प्लॉटात उभी राहिली,
बरोब्बर ओटा यायचा तिथं.
शेवटच्या फेरीला मी कोपरा कापून आतनं घेतला,
तशी हात करून काहीतरी ओरडली.
हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार.

खिडकीतून बाहेर पडून विचारलं, काय म्हणालीस?

म्हणाली, "चपला बाहेर काढून या म्हटलं."